हलक्या आघाताची परीक्षा

वाद्य विकत घेणे आणि वाद्य निवडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. तबला घ्यायला निघालेला जाणकार चाट, लव आणि शाई यांवर निरनिराळे बोल काढून पाहतो, पुडीचा ताण चहूबाजूंनी सारखा आहे की नाही हे कानाने तपासतो, आणि मगच भावाची गोष्ट काढतो. या परीक्षेला परंपरा आहे, तिची स्वतःची परिभाषा आहे. इलेक्ट्रॉनिक ड्रम किटपुढे मात्र आपण जवळजवळ निरक्षर उभे राहतो. नळ्यांचा सांगाडा, त्यावर बसवलेल्या जाळीच्या आणि रबराच्या तबकड्या, तारांचा गुंता आणि बाजूला एक पेटी, एवढेच दिसते. वीज नसेल तर त्यातून फक्त ठकठक ऐकू येते. मग मोजायचे काय? माहितीपत्रक सांगते, आवाज मोजा. अमुक शे ध्वनी, तमुक इतके तयार किट, सोबत वाजवायला इतकी गाणी. संख्या ही अडाण्याची सोय असते, आणि दुकानदाराचीही.

माझी मुलगी दोन वर्षांपासून ड्रम शिकते आहे. आम्ही इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. खराखुरा ड्रमसेट घरात आणणे म्हणजे साऱ्या जिन्याशी वैर पत्करणे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचे हे ठरलेलेच होते. कोणते घ्यायचे, हा प्रश्न होता. किमती काही दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत पसरलेल्या, आणि प्राध्यापकाच्या पगाराला हा खर्च वारंवार करता येण्याजोगा नाही.

तिचे सर मूळचे ढोलकीवादक. रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टापॅड १९८५ साली बाजारात आला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांत व गणेशोत्सवाच्या मांडवांत त्याने असे बस्तान बसवले की अनेक तालवादकांना हातातली कातडी वाद्ये बाजूला ठेवून काठ्या उचलाव्या लागल्या. सर त्या पिढीतले. त्यांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ताई, आवाज किती आहेत ते विचारू नका. मोठा आवाज कुठलंही पॅड काढतं. हळू वाजवून बघा.”

हा सल्ला किती नेमका होता, हे यंत्राची रचना समजून घेतल्यावर उमगले. तबकडीखाली एक पातळ चकती असते. दाब पडला की वीज निर्माण करणारी काही स्फटिकद्रव्ये असतात. क्युरी बंधूंनी १८८० साली हा गुणधर्म दाखवून दिला. आघात झाला की ही चकती विजेची एक लहर पाठवते, पेटी तिची उंची मोजते आणि त्या मापाचा आवाज आपल्या साठ्यातून काढून देते. १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी या संकेतपद्धतीत आघाताचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत लिहिला जातो. म्हणजे हाताखाली वाजते ते वाद्य नव्हेच. हात एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर बहुधा दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच कुठल्या तरी स्टुडिओत पूर्वी वाजवून ठेवलेले असते.

या व्यवस्थेत एक उंबरठा असतो. शेजारच्या तबकडीचे हादरे आघात म्हणून नोंदले जाऊ नयेत यासाठी ठरावीक पातळीखालच्या लहरींकडे पेटी दुर्लक्ष करते. निकृष्ट किटमध्ये हा उंबरठा उंच ठेवावा लागतो. तो खाली आणला तर एक तबकडी वाजवताच दुसरी आपोआप बोलू लागते. परिणामी हलका आघात एक तर ऐकलाच जात नाही, नाही तर एकदम मध्यम जोराचा होऊन बाहेर येतो.

ड्रमवादनात मात्र हलक्या आघाताचे स्थान फार मोठे आहे. दोन ठळक ठोक्यांच्या मधे स्नेअरवर काठी नुसती टेकवत जाणारे जे अस्फुट ठोके असतात त्यांना वादक घोस्ट नोट म्हणतात. टोटो या अमेरिकन चमूच्या १९८२ सालच्या ‘रोझॅना’ या गाण्यात जेफ पोरकारोने वाजवलेला ठेका ऐकावा. ठळक ठोके बोटांवर मोजता येतील असे आहेत. पण त्यांच्यामधली ती कुजबुज काढून टाकली तर ठेक्यातला झोकाच नाहीसा होईल. वर्गात आनंदवर्धनाचा ध्वनिसिद्धान्त शिकवताना घंटेच्या टोल्यामागून येणाऱ्या अनुरणनाचे उदाहरण मी दरवर्षी देते. वाच्यार्थ हा टोला आणि व्यंग्यार्थ हे त्याचे अनुरणन. दुकानात उभी असताना मला वाटले, जे यंत्र फक्त टोलाच ऐकते ते वाच्यार्थापाशी थांबणाऱ्या वाचकासारखे आहे. आणि त्याच्या संगतीत वाढणारा हातही हळूहळू तसाच होणार. शिकणारा माणूस वाद्य घडवीत नाही, वाद्यच त्याला घडवते. हळू वाजवल्याचे काही फळ मिळत नाही असे हाताला एकदा कळले की तो हळू वाजवणे सोडून देतो. मला खरी भीती होती ती याची.

म्हणून आम्ही परीक्षेचा क्रम उलटा लावला. मुलीने प्रत्येक किटवर आधी काठी केवळ तिच्या वजनाने पडू दिली आणि मग जोर कणाकणाने वाढवत नेला. आवाज चढणीसारखा वाढतो की पायऱ्यापायऱ्यांनी उडी मारतो, हे कानांना लगेच कळते. मग एकाच जोराने सलग ठोके. प्रत्येक वेळी तोच एक साठवलेला आवाज आला तर ते वादन वाटत नाही, शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. मग हायहॅट. पायाने झांजा पूर्ण मिटणे आणि पूर्ण उघडणे यांच्या दरम्यान असंख्य अवस्था असतात, स्वस्त किटला त्यांतल्या दोन किंवा तीनच ठाऊक असतात. मग झांज वाजवून ती हाताने धरणे. आवाज तिथेच थांबला पाहिजे. शेवटी आघात आणि आवाज यांमधला विलंब. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटरांवरच्या वाद्याचा आवाजही नऊ सहस्रांश सेकंदांनी पोचतो. एवढा विलंब कान खपवून घेतात. तो वाढला की वादक नकळत घाई करू लागतो.

तबकडीचा पृष्ठभागही पाहावा लागतो. १९८१ सालच्या सिमन्सच्या षट्कोनी तबकड्या इतक्या टणक होत्या की वादकांची मनगटे दुखत. १९९७ मध्ये रोलँडने ताणता येणारी जाळी आणली, आणि काठीला कातडीसारखी उसळी मिळू लागली. स्नेअरला तरी जाळी असावी, तीही दुहेरी आणि किल्लीने ताण बदलता येणारी, असे आम्ही ठरवले. मोजक्या आवाजांचा पण हलका हात ऐकणारा एक किट शेवटी पसंत पडला. त्याच किमतीत कितीतरी अधिक आवाज देणारा दुसरा किट शेजारीच मांडलेला होता.

पण निवड तिथे संपली नाही, कारण ऐकणारे आम्हीच नव्हतो. आमच्या खाली एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या पत्नीची प्रकृती बरी नसते. इलेक्ट्रॉनिक ड्रम हेडफोन लावला की मुका होतो, असे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. बास ड्रमच्या पायदाबाचा हादरा सांगाड्यातून फरशीत आणि फरशीतून खालच्या छतात उतरतो. हवेतला आवाज भिंतीने अडतो, हा अडत नाही. वर वाजवणाऱ्या मुलीला आघाताविना संगीत ऐकू येते आणि खालच्या आजारी बाईंना संगीताविना आघात.

तेव्हा मुलगी स्वतः खाली गेली आणि म्हणाली, “काका, मी वर वाजवीन, तुम्ही इथे काकूंच्या खोलीत बसून सांगाल का?” एक पायदाब फरशीवर, एक जाड रबरावर, एक दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेल्या चौथऱ्यावर, असे तिन्ही प्रकार वाजवून झाले. काका फोनवरून निकाल देत होते. तिसऱ्याला ते म्हणाले, “आता काकूंना विचारून सांगतो.” काकूंना काही ऐकू आले नव्हते. दुपारी दोन ते चार वाजवायचे नाही, एवढे मात्र त्यांनी सांगून ठेवले.

या वाद्याच्या मर्यादा मला दिसतात. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड या पेटीत रेकॉर्ड करून ठेवता येईल, तबकडीवर काढता मात्र येणार नाही. हेडफोनमुळे वाचलेला गोंगाट वादकाच्याच कानात साठतो, म्हणून त्याच्या बटणावर मी एक खूण करून ठेवली आहे. आठवड्यातून एक दिवस ती सरांकडे खऱ्या ड्रमवर बसते, कारण खोलीतली हवा हलवणारा आवाज काय असतो हे अंगाला ठाऊक असलेले बरे.

बाकी दिवस ती हेडफोन लावून बसते. त्या वेळी खोलीत ऐकू येते ती फक्त जाळीवरची काठीची टपटप. तिच्यात आता दोन प्रकारचे ठोके मला वेगळे ओळखू येतात, ठळक आणि अस्फुट. अस्फुट ठोक्यांची संख्या वाढते आहे.