देव गेला त्या वाटेने

सहल करण्यापेक्षा सहल ठरविण्यात अधिक दिवस जातात, आणि माझ्या मते अधिक आनंदही त्यातच असतो. प्रत्यक्ष सहल एका दिवसात आटोपते. तिची चर्चा मात्र पंधरा-पंधरा दिवस पुरते. त्यातही जिथे रस्त्याने जाता येते, तिथली सहल ठरविणे हे काही मोठेसे काम नव्हे. गाडी काढावी, पेट्रोल भरावे आणि निघावे. बेटाचे तसे नाही. मध्ये पाणी आले की भरती-ओहोटी आली, फेरीबोट आली आणि तिची वाट पाहणेही आले. 'बेट' आणि 'बेत' या दोन शब्दांत एका अक्षराचेच काय ते अंतर आहे. बेताशिवाय बेट गाठता येत नाही, हे आपल्या भाषेलाही ठाऊक असावे!

पणजीत राहणाऱ्याला बेटे काही दुर्मिळ नाहीत. रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहिले की मांडवीपलीकडे चोडण दिसते. जुन्या गोव्यात व्हॉइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे गेले की दिवाडीचा धक्का लागतो. ही कमान १५९९ सालची. पोर्तुगालहून आलेला नवा व्हॉइसरॉय नदीकाठी उतरून मोठ्या थाटाने तिच्याखालून शहरात शिरत असे. ते राज्य १९६१ साली संपले. आता त्याच कमानीजवळून दिवाडीची माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन, दुचाक्या हाकीत ये-जा करतात. सहलीचा दिवस आम्ही रविवार धरला, त्यालाही हेच कारण होते. आपल्याला फेरीबोट ही गंमत असते. बेटावरच्या माणसाची ती शाळा असते, कचेरी असते, रात्री-अपरात्री दवाखानाही असतो. त्याच्या कामाच्या दिवशी आपण गर्दी करू नये, एवढे भान पाहुण्याने ठेवावे.

त्या हिवाळ्यात दादा आणि वहिनी मुलांसह बडोद्याहून आली होती. बेळगावहून ताई आली होती. कितीतरी वर्षांनी सारी भावंडे एका घरात जमली, आणि रात्रीची जेवणे झाल्यावर ओसरीवर परिषद भरू लागली. मुलांना चोडणला जायचे होते. तिथे बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीच्या रानात डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली स्थापन झालेले हे अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे. पण हिवाळ्यात खंड्या आणि बगळे पाहण्यासाठी मुलांना तेवढे पुष्कळ होते. ताईला कुठेही चालले असते. फक्त डबे कोणी भरायचे हे आधी ठरावे, एवढीच तिची अट होती. दादाचे म्हणणे असे की दिवाडी त्याने शेकडो वेळा पाहिली आहे. ते खोटेही नव्हते. १९९८ पासून कोकण रेल्वेची गाडी करमळी आणि थिवी यांच्यामध्ये दिवाडीवरूनच जाते. ती तिथे थांबत मात्र नाही. खिडकीतून भातशेते दिसतात, माड दिसतात, आणि आपण सामान नीट लावतो न लावतो तोच बेट मागे पडते.

आई इतका वेळ काही बोलली नव्हती. सगळ्यांचे बोलून झाल्यावर तिने आपले म्हणणे कोकणीत सांगितले, "देव गेलो तेच वाटेन वचपाचें."

आमचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. नार्व्याला त्याच्या दर्शनाला आम्ही लहानपणापासून जात आलो. पण गेलो ते नेहमी डिचोलीच्या बाजूने, रस्त्याने. हा देव मूळचा तिथला नव्हे. त्याचे आद्यस्थान दिवाडी बेटावर, जुन्या नार्व्यात होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद लाभलेले, असे बिरुद ते अभिमानाने मिरवीत. चौदाव्या शतकात बहमनी आक्रमणात देवालय पडले, आणि विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पुढे १५१० साली हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि १५४० च्या सुमारास देवालय पुन्हा जमीनदोस्त झाले. लिंग विहिरीच्या रहाटाला जुंपले गेले होते आणि भक्तांनी ते तिथून गुप्तपणे उचलून नदीपार डिचोली महालात नेले, असे परंपरा सांगते. देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून गेले; म्हणून आज नदीच्या दोन्ही तीरांना एकेक नार्वे आहे. पलीकडच्या नार्व्यातील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, त्याची साक्ष देणारा शिलालेख तिथे आहे. अलीकडे, २०२३ साली, त्या वास्तूचे पुन्हा एकदा जतनकार्य पूर्ण झाले.

तेव्हा आईचा बेत असा : जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, तिथे कोटितीर्थाच्या जुन्या तळ्याचे अवशेष पाहायचे, मग बेटाच्या उत्तर टोकाहून दुसऱ्या फेरीबोटीने पलीकडचे नार्वे, आणि शेवटी देवदर्शन. आयुष्यभर ती देवाच्या आजच्या घरी गेली. त्याने सोडलेले घर तिने पाहिले नव्हते. वय ब्याऐंशी. यापुढे कधी, हा प्रश्न तिने विचारला नाही आणि आमच्यापैकीही कोणी उच्चारला नाही. मुलांना चोडणचे आश्वासन पुढच्या रविवारचे मिळाले.

मग तिथीचा विचार सुरू झाला. कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा वाजता. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि पाणीही त्याच्यामागून तितक्याच उशिरा चढते, एवढेच त्यातले शास्त्र. आईने बोटांवर मोजून द्वादशी सुचविली. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. भाच्याने मोबाइलवर भरतीचे कोष्टक काढून पाहिले. फरक निघाला तो थोडक्या मिनिटांचा. खाडीत आत येता येता पाण्याला तेवढा उशीर व्हायचाच! त्या पोराने आजीकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी त्याच्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिली नव्हती.

भरतीची एवढी चिकित्सा कशासाठी, असे वाचक विचारतील. धक्क्याचा उतार दगडी असतो. भरतीला पाणी वर चढलेले असते, बोटीचे सपाट तोंड उताराच्या माथ्याजवळ टेकते आणि चार पावलांत माणूस बोटीवर येतो. ओहोटीला तोच उतार लांबच लांब उघडा पडतो, आणि त्यावर चिखल आणि शेवाळ असते. तरुण माणसाला हा फरक जाणवतही नाही. आईचे दोन्ही गुडघे मात्र कित्येक वर्षांपासून तिचे ऐकत नाहीत.

इथेच सारा बेत अडला. दादाने मार्ग काढला तो आजच्या काळाला धरून होता. फेरीबोटीवर मोटार चढते; आईने गाडीतच बसून राहावे, म्हणजे भरती नको, उतार नको आणि काळजीही नको. आईने मान हलविली. गाडीच्या काचेतून नदी पाहायची तर ती घराच्या खिडकीतूनही दिसते, असे तिचे म्हणणे. ती उतार पायांनी उतरणार होती. ताईने डॉक्टरांची आठवण दिली. दादाचा आवाज चढला. घरात काठी आणण्याचा विषय वर्षभर टळत आला होता, तोही त्याच रात्री निघाला. बघता बघता सहलीचे बोलणे बाजूला पडले आणि कोणी कोणाचे कधी ऐकले नाही, याचे जुने हिशेब वर आले. आई उठून आत गेली. 'जाऊ द्या तर मग,' एवढेच ती म्हणाली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने हे चार शब्द उच्चारले की त्यांचा अर्थ सहलीपुरता राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आईजवळ भाजी निवडीत बसली होती. वहिनीचे माहेर बडोद्याचे. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेले, पण कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. आमच्या घरी येऊन तिला पंचवीस वर्षे झाली. कोकणी तिला समजते, बोलते मात्र ती मराठीच. ती सहज बोलावे तशी म्हणाली, "आई, देव तरी कुठे आपल्या पायांनी गेला? त्याला कोणीतरी उचलूनच नेला ना? आमचा खंडोबासुद्धा सोमवतीला कऱ्हेच्या स्नानाला जातो, तो पालखीतून."

आईच्या हातातली तांबडी भाजीची जुडी तशीच राहिली. ज्या वाटेने देव गेला तिचा विचार ती कित्येक वर्षे करीत होती. तो कसा गेला, हा विचार त्या घरात प्रथमच बोलला जात होता. ज्यांनी लिंग उचलले त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत. पण एवढे खरे की त्या रात्री देव दुसऱ्यांच्या हातांवर होता, आणि त्यामुळे त्याचे देवपण उणे झाले नाही. थोड्या वेळाने आई म्हणाली, "तर मगीर कदेल घेयात."

माळ्यावर वडिलांची हातांची लाकडी खुर्ची होती. ती खाली आली. दादाने तिचे सांधे तपासले, मी दोन्ही बाजूंना काथ्याची दोरी आवळली. त्यानंतर उरलेला बेत एका तासात ठरला. गाड्या रिकाम्या चढवायच्या. आईला दादाने आणि मी खुर्चीतून न्यायचे. दोन पावले पुढे भाच्याने उतारावर नजर ठेवून चालायचे. ताईने दशम्या, चटणी आणि केळी घ्यायची. आदल्या दिवशीची एकादशी आई सोडणार नव्हतीच. तेव्हा तिचे पारणे देवदर्शनानंतर देवळाच्या आवारात, आणि म्हणून नार्व्याला उन्हे चढण्यापूर्वी पोचलेच पाहिजे, हेही कागदावर लिहिले गेले. परत येताना पाणी ओसरलेले असणार. सबब परतीचा प्रवास रस्त्याने.

बेताप्रमाणे सर्व घडले, हे सांगण्यात विशेष नाही. विशेष होते ते एवढेच की खुर्ची उचलताना मला प्रथमच कळले, आई किती हलकी झाली आहे. दादालाही ते कळले असावे. कारण उतार संपेपर्यंत तो काही बोलला नाही. नदी पाच-दहा मिनिटांत ओलांडली गेली. कोटितीर्थाच्या तळ्याचे जुने दगड आईने बराच वेळ पाहिले. तिथे पाहण्यासारखे फार काही उरलेले नाही, आणि तिला तेच पाहायचे होते. दुसऱ्या धक्क्यावर दोन अनोळखी इसम न सांगता पुढे झाले आणि त्यांनी खुर्चीचे मागचे पाय धरले. त्यांतील एकाच्या गळ्यात क्रूस होता. कोणाचा देव, कुठून कुठे, असे त्याने विचारले नाही. म्हातारीला सांभाळा, एवढेच तो कोकणीत म्हणाला.

आता बेटांना पूल व्हावेत की न व्हावेत, यावर पुष्कळ बोलले जाते. तो निर्णय बेटावरच्या माणसांचा आहे. रविवारी येणाऱ्या पाहुण्याने त्यात आपली हौस मिसळू नये. पण जोवर मध्ये पाणी आहे आणि फेरीबोट आहे, तोवर ते पाणी घरातल्या घरात एक प्रश्न विचारीत राहील : तुमच्यापैकी सर्वांत हळू चालणारा कोण, आणि त्याच्या पावलाने चालायची तुमची तयारी आहे का? गाडीच्या सहलीत हा प्रश्न दारे लावून घेतल्याबरोबर मिटतो. बेटाच्या सहलीत तो धक्क्याच्या उतारावर आपली वाट पाहत उभा असतो.

म्हणून बेटावर जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना माझे सांगणे थोडके आहे. तिथी पाहून निघावे, पाणी बरोबर घ्यावे, दुपारच्या आत पलीकडे पोचावे. सोबत काय न्यायचे याची यादी सगळेच करतात. कोणाला कोणी धरायचे, हेही त्याच यादीत वरच्या ओळीला लिहून ठेवावे.