बॉयरटाउनचीं तळघरें

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या वायव्येस सुमारें चाळीस मैलांवर बॉयरटाउन नांवाचें लहानसें गांव आहे. मंद चढउताराच्या हिरव्या टेंकड्या, जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांचीं जुनीं कोठारें आणि मधून मधून नव्या वसाहतींतील टुमदार घरें, असा हा प्रदेश पाहून कोणाही प्रवाशाचें चित्त प्रसन्न व्हावें. आम्हांस मात्र सृष्टिशोभेपेक्षां तेथील तळघरांचें कुतूहल अधिक होतें.

जवळच लिमरिक येथें अणुवीज केंद्र आहे. १९८४ सालच्या डिसेंबरांत स्टॅन्ले वॉट्रस हे अभियंते तेथील तपासणी यंत्रापुढें आले कीं धोक्याची घंटा वाजे. एके दिवशीं सकाळीं कामावर शिरतांनाच ती वाजली आणि उलगडा झाला. किरणोत्सर्ग केंद्रांतून नव्हे, तर त्यांच्या घरांतून येत होता! घराच्या हवेंत दर लिटरमागें सुमारें २,७०० पिकोक्युरी इतका रेडॉन वायु आढळला. अमेरिकन सरकारच्या मतें ४ पिकोक्युरी होतांच घराची दुरुस्ती करावी; येथें प्रमाण त्याच्या ६७५ पट होतें. कुटुंबास कांहीं महिने घर सोडावें लागलें.

याचें कारण भूगर्भांत आहे. रेडिंग प्रॉंग नांवाचा खडकांचा पट्टा पेनसिल्व्हेनियांतून न्यू जर्सी व न्यूयॉर्कमार्गे कनेटिकटपर्यंत जातो. खडकांतील युरेनियमपासून रेडियम व रेडियमपासून रेडॉन उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. हिंवाळ्यांत घरांतील ऊन हवा वर चढते व तळघराच्या भेगांतून हा वायु आंत ओढला जातो. त्यापासून होणारे सूक्ष्म कण फुप्फुसांत रुततात. अमेरिकेंत फुप्फुसाच्या कर्करोगाचें धूम्रपानाखालोखाल हेंच कारण असून, वर्षाकांठीं सुमारें २१,००० मृत्यु यामुळें होतात, असा तेथील सरकारचा अंदाज आहे. धूम्रपान करणारास धोका फारच अधिक.

आम्ही ज्या भाच्याकडे उतरलों होतों, त्याचें घरही याच पट्ट्यांत आहे. पुण्याहून आमची भगिनी व मेहुणे सहा महिन्यांसाठीं येणार, म्हणून त्यानें तळघरांत त्यांच्यासाठीं खोली सजविली होती. शेजारच्या घरीं परीक्षा निर्दोष ठरली होती. परंतु लगतच्या दोन घरांतही प्रमाण निराळें असूं शकतें. म्हणून सुनबाईंनीं कोळशाची चपटी डबी आणविली. आधीं बारा तास दारें-खिडक्या बंद ठेवून ती तळघरांत उघडून ठेविली आणि चार दिवसांनीं मिटवून प्रयोगशाळेस धाडली. उत्तर आलें : ११.

“मामा, आईबाबांचा पलंग मीं इथेंच मांडणार होतों,” इतकेंच भाचा बोलला.

उपाय मात्र सोपा निघाला. फरशीस भोंक पाडून एक नळी छपरापर्यंत नेली व तिला पंखा जोडला. फरशीखालचा वायु घरांत न शिरतां परभारें बाहेर जाऊं लागला. फेरपरीक्षेंत आंकडा दोनाच्या आंत आला, आणि मगच पलंग खालीं नेला.

आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज अशा देशांत घरें घेत आहेत. घर घेतांना शेजार, शाळा, बाजार यांची चौकशी आपण आवर्जून करतों. तींतच तळघरांतील हवेचाही प्रश्न विचारावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.