16 फूट की 18 फूट?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘10,000 तलाव’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठे तलावच 11,842 आहेत. बर्फ वितळून पाणी मोकळे झाले की मे महिन्यात होड्या ट्रेलरवर चढून रस्त्याला लागतात. त्यांत ॲल्युमिनियमच्या मोटरहोड्या पुष्कळ दिसतात. हा धातू हलका, लोखंडासारखा गंजत नाही, खडकाला घासला तरी बहुधा पोचा पडून निभावतो. खाऱ्या पाण्यात त्याला जपावे लागते; तिथले पाणी गोडे आहे.

मिनियापोलिसजवळ माझा धाकटा भाऊ राहतो. घरात तो, भाभी, दोन मुले आणि अम्मी. शाळेच्या सुट्टीत मी गेले तेव्हा घरात एकच चर्चा होती: होडी 16 फुटी घ्यायची की 18 फुटी?

फरक नुसत्या दोन फुटांचा नसतो. लांबीबरोबर बहुधा रुंदी आणि काठाची उंचीही वाढते. लाटेवर मोठी होडी कमी आपटते, आत पाणी कमी उडते. पण तिला इंजिन मोठे लागते, ओढायला दमदार गाडी लागते आणि हिवाळ्यात ठेवायला जागाही जास्त लागते. भावाच्या हिशेबात छोटी होडी शिलकीतून येत होती; मोठीसाठी व्याजाचे कर्ज काढावे लागणार होते.

“आपा, पाहुणे आले तर?” भाऊ म्हणाला. अम्मींनी लगेच तोड काढली, “छोटीच घे. थोडं सरकून बसू!”

रिक्षात, जेवणाच्या दस्तरखानावर आपण असेच सरकून बसतो. पाण्यावर ते चालत नाही. अमेरिकेत 20 फुटांखालच्या मोटरहोडीवर एक पट्टी लावावी लागते. किती माणसे, एकूण किती वजन आणि किती हॉर्सपॉवरचे इंजिन, हे तीवर लिहिलेले असते. पाहिलेल्या 16 फुटी होडीवर पाच माणसांचा आकडा होता. सहावा माणूस कितीही लाडका असला, तरी त्याच्यासाठी जागा नाही. केरळमध्ये तानूर इथे 7 मे 2023 रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली होडी उलटली आणि 22 जण गेले. त्यांत एकाच कुटुंबातले 11 होते.

मग भाभींनी खरा प्रश्न विचारला, “आपण जाणार कोणत्या पाण्यावर?”

उत्तरेचा मिल लॅक्स तलाव सुमारे 1,32,000 एकरांचा, पण सर्वांत खोल जागी जेमतेम 42 फूट. अशा पसरट, उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा झपाट्याने उठतात. तिथे नेहमी जाणाऱ्याने मोठी होडीच घ्यावी. घराजवळचा मिनेटोंका मात्र लहान-मोठ्या उपसागरांत विभागलेला आहे. शनिवार-रविवारी मोठ्या बोटींच्या लाटा असतात. इतर दिवशी फजरनंतर पाणी आरशासारखे असते. घरचे लोक जाणार होते ते इथेच.

म्हणून 16 फुटी ठरली. त्याबरोबर घरचे नियमही ठरले: पाचाच्या वर माणूस नाही, पाहुणे आले तर दोन फेऱ्या, वारा वाढला तर परत. दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या होडीत लाइफ जॅकेट घालणे तिथे कायद्यानेच सक्तीचे आहे. भाभींनी ते अम्मींसह सर्वांना लावले, कारण मेमधले पाणी इतके गार असते की पट्टीचा पोहणाराही लवकर गारठतो.

गरजेपेक्षा मोठी वस्तू व्याजाने घेणे हा इसराफ. गरजेपेक्षा लहान होडीत माणसे कोंबणे हा जिवाशी खेळ. सफरची दुआ पढावी आणि पट्टीवरचा आकडाही वाचावा. जीव ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळून झाल्यावरच तवक्कुलची गोष्ट शोभते.