गाडी रात्री कोठे झोपणार?

टोकियोच्या गल्ल्या अरुंद आहेत, तरी त्यांच्या कडेला रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग सहसा दिसत नाही. याचे श्रेय जपानी माणसाच्या जन्मजात शिस्तीला देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या शिस्तीमागे पोलीस ठाण्यातला एक कागद आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

युद्धाने कंगाल झालेल्या जपानने १९४९ मध्ये 'केई', म्हणजे हलक्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग ठरवला. कर कमी, पण लांबी, रुंदी आणि इंजिन यांची कमाल मर्यादा सरकारने आखलेली. १९५८ ची सुबारू ३६० ही त्या वर्गाची लाडकी लेक. रुंदी अवघी १.३ मीटर, ३५६ सीसीचे इंजिन मागच्या बाजूला, आणि तरीही चौघांना जागा! लोक तिला प्रेमाने 'तेन्तोमुशी' म्हणत. ठिपक्यांच्या लेडीबर्ड भुंगेऱ्याचे हे जपानी नाव.

मोटारी वाढल्या, रस्ते तेवढेच राहिले. टोकियो ऑलिम्पिकला दोन वर्षे असताना, १९६२ मध्ये, कायदा आला: गाडी ठेवायला रस्त्याबाहेर स्वतःची वा भाड्याची जागा हवी, तीही घरापासून ५०० मीटरच्या आत (पुढे ही मर्यादा २ किलोमीटर झाली). जागेचा नकाशा, मापे आणि जागा दुसऱ्याची असल्यास त्याची लेखी संमती पोलिसांपुढे ठेवायची. रस्त्यावर एकाच ठिकाणी १२ तासांहून अधिक, रात्री ८ तासांहून अधिक गाडी ठेवणे हा गुन्हा ठरला.

या दाखल्यातून केई गाड्यांना मात्र वगळण्यात आले. १९९१ पासून टोकियो, ओसाकासारख्या महानगरांत त्यांच्याही जागेची माहिती पोलिसांना कळवावी लागते. पण ती गाडी घेतल्यानंतर.

१९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मारुती ८०० याच कुळातली. सुझुकीच्या केई गाडीचा सांगाडा, त्यात ७९६ सीसीचे इंजिन. भारताने जपानची गाडी घेतली, जपानी कार्यपद्धतीही घेतली. तो कागद तेवढा मागे राहिला. त्याची किंमत पदपथ गमावलेला पादचारी आजही मोजतो.

'पार्किंगचा दाखला नसेल तर नोंदणी नाही' अशी चर्चा महाराष्ट्रात अधूनमधून उठते. मग चाळीतल्या माणसाने गाडी घ्यायचीच नाही का, असा प्रतिप्रश्न लगेच येतो. तो रास्तच आहे. जपानातही जागा नसलेल्या माणसासाठी जवळजवळ तीन दशके केईची पळवाट उघडी होती.