कोडिक्करईचे पाहुणे

ऑगस्टअखेर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्करईस, १९६७ पासून अभयारण्य असलेल्या त्या खाऱ्या दलदलीत जाल, तर कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे धावू नका. पहाटे सूर्य पाठीशी ठेवून चिखलात पालथे पडा आणि वाट पाहा. (डास चावतील, त्याला इलाज नाही.) सैबेरियाच्या उत्तरेकडून आलेले, सुमारे ६० ग्रॅम वजनाचे, बाकदार चोचीचे तुतारी पक्षी चिखल टोचीत आपणहून जवळ येतात. विणीच्या हंगामातील विटकरी रंग अद्याप त्यांच्या पोटावर ठिगळांसारखा उरलेला असतो. हिवाळ्यात तो दिसावयाचा नाही. मात्र चरणे थांबवून पक्ष्याने मान उंचावली, की पुढे सरकण्याचा मोह आवरा. प्रवासात खर्ची पडलेली चरबी त्याला याच चिखलातून भरून काढावयाची असते. मी एकदा केवळ कोपर सरकविले. सारा थवा उठला, आणि छायाचित्रात नुसते पाणी आले.