सोनौलीच्या कमानीखाली

सीमा म्हटली की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे काटेरी तार, बंदूकधारी सैनिक आणि नकाशावरची तांबडी रेघ उभी राहते. सोनौलीला यांतले फारसे काहीच दिसले नाही. एक कमान, चहाच्या टपऱ्या, मालमोटारींची दूरवर लागलेली रांग, डोक्यावर बोचकी घेऊन निवांत ये-जा करणारी माणसे आणि थोड्या पावलांवर दुसरी कमान. अलीकडे उत्तर प्रदेशातील महाराजगंज जिल्हा, पलीकडे नेपाळचे बेलहिया. २०१९ च्या नोव्हेंबरमधील एका सकाळी आमच्या शाळेच्या खो-खो संघातील बारा मुली आणि दोन शिक्षिका यांच्यासह आम्ही तेथे उभे होतो. पोखरा येथील एका शालेय स्पर्धेचे निमंत्रण आले होते. वसईहून निघून, कल्याणला गाडी धरून, दीड दिवस आगगाडीत काढून आम्ही गोरखपूरला उतरलो होतो आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरचा बसप्रवास करून या कमानीशी पोहोचलो होतो.

निघण्यापूर्वीचे दोन महिने धामधुमीचे गेले. बहुतेक मुलींनी पुण्यापलीकडचे जग पाहिले नव्हते. त्यांच्या घरच्यांना तर 'परदेश' हा शब्दच छाती दडपून टाकणारा होता. बूट घ्यायचे होते, गणवेश शिवायचे होते, वर्गणी गोळा करायची होती. त्या वेळी नेपाळात शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना बंदी होती. म्हणून जमलेली सारी रक्कम शंभराच्या नोटांत करून घेण्यासाठी आम्ही बँकेच्या खेपा घातल्या.

कागदपत्रांविषयी मात्र आम्ही निश्चिंत होतो. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० च्या जुलैमध्ये शांतता व मैत्रीचा करार झाला. तेव्हापासून एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात व्हिसाविना जाता येते. मुख्याध्यापिकांनी प्रत्येक मुलीचे छायाचित्र लावून ओळखपत्र दिले होते आणि पालकांची संमतिपत्रे आम्ही मागवली होती. अकरा आली. बारावे राहिले.

ती मुलगी आमच्या संघातील सर्वांत चपळ. वडील तिच्या लहानपणीच वारले. आई कुवेतला घरकाम करते. मुलगी आजीपाशी वाढली. आजींचे गुडघे धरलेले. "रविवारी चर्चला येईन तेव्हा सही करीन," असा त्यांचा निरोप आला. पण आमची गाडी तर शनिवारी रात्रीची. त्यांचे घर मिशनपासून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर. आम्ही गेलो नाही. 'पालकाची सही' असे छापलेल्या रेघेवर आम्ही स्वतःच सही ठोकून दिली. मनाशी म्हटले, सारा गाव आम्हांस 'फादर' म्हणतो. मग एका पोरीचे पालक म्हणून सही करण्यास हरकत ती कोणती?

ती हरकत कोणती, हे सोनौलीला कळले.

सीमेवरील पथकातील एक तरुण महिला कर्मचारी आमचे कागद तपासत होती. एकेक संमतिपत्र ती ओळखपत्राशी ताडून पाही. बाराव्या कागदाशी ती थबकली.

"ये बच्ची आपकी कौन लगती है?"

"हमारी छात्रा है।"

"मैं रिश्ता पूछ रही हूँ।"

आम्हांस उत्तर सुचेना. तिने त्या मुलीला एकटीला बाजूला नेले. मग इतर मुलींनाही दोघी-दोघींनी बोलावले. कोठे जाता, कोणी आणले, नोकरीचे किंवा लग्नाचे काही सांगितले आहे का, परत कधी यायचे, घरी कोणाला ठाऊक आहे? शिक्षिकांना आणि आम्हांस जवळ येण्यास मनाई होती. उन्हे चढत होती. जाणारे-येणारे वळून पाहत होते. वीस वर्षांहून अधिक काळ ज्या झग्याला लोकांनी हात जोडले, तो झगा अंगावर असताना आमच्याकडे संशयाने पाहिले जात होते, आणि तेही आमच्याच मुलींच्या देखत! आमचा तोल सुटला. आम्ही आवाज चढवून म्हणालो, "बहनजी, हम पादरी हैं।"

तिने आवाज चढवला नाही. "साहब, यहाँ हर कोई कुछ न कुछ होता है। कोई मामा होता है, कोई मास्टर।"

वाचकहो, त्या वाक्याने आमचा राग उतरला नाही. तो उतरायला आणखी तासभर लागला. टपरीवरच्या बाकावर बसल्या बसल्या हळूहळू ध्यानात येऊ लागले. साडेसतराशे किलोमीटरहून अधिक लांबीची ही सीमा खुली आहे, हे दोन्ही देशांतील गरिबांचे भाग्य. अलीकडची लेक पलीकडे नांदते, पलीकडचा मजूर अलीकडे पोट भरतो. परंतु ज्या दारातून सोयरा येतो, त्याच दारातून चोरही येतो. नेपाळच्या डोंगरांतील कितीतरी मुली नोकरीच्या, लग्नाच्या आमिषाने याच वाटांनी आणल्या गेल्या आणि मुंबईच्या कुंटणखान्यांत विकल्या गेल्या. २०१५ च्या एप्रिलमधील भूकंपाने हजारो घरे उद्ध्वस्त केली, तेव्हा हे भय आणखी वाढले. त्या पोरींना आणणारा माणूसही कोणाचा तरी 'मामा'च असे. त्याच्याजवळही कागद असत आणि कागदांवर सह्या असत. आमच्या बाराव्या कागदात आणि त्याच्या कागदात फरक काय होता? आमची नियत. पण नियत कागदावर उमटत नाही.

खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूने पाठीमागून खो मिळाल्यावाचून उठायचे नसते. उठला तर नियमभंग. मुलींना हे आम्ही वर्षभर ऐकवत होतो. आणि खो मिळण्याआधी उठलो होतो आम्हीच.

अखेर आजींना दूरध्वनी लावायचे ठरले. त्यांच्याजवळ फोन नव्हता. शेजारणीच्या फोनवर त्यांना बोलावले. आजींना हिंदी येईना, त्या कर्मचारी बाईंना मराठी येईना. आम्ही दुभाष्याचे काम करायला पुढे झालो, तर बाईंनी हातानेच थांबवले. तेही योग्यच होते. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला आणि मुलीचे नाव उच्चारले. पलीकडून आजी आपल्या बोलीत जे सुटल्या, ते थांबेचनात. पोरीचे नाव, आईचे नाव, ती कुवेतला असल्याचे, आणि पेरूच्या झाडावरून पडल्याची डाव्या कोपरावरची खूण. हे ऐकताच मुलीने आपण होऊन बाही वर केली. बाईंनी ती खूण पाहिली. भाषा कळली नव्हती, नाते कळले. शेवटी आजींनी एवढेच विचारले, "बाय जेवली का?"

शेजारणीने कागदावर संमतिपत्र लिहिले, आजींनी सही केली आणि त्याचे छायाचित्र मोबाईलवर आले. जुन्या कागदावरची आमची सही आमच्याच हाताने खोडावी लागली. जाताना त्या बाईंनी मुलींकडून १०९८ हा मदतीचा क्रमांक तीनदा म्हणवून घेतला. दोन्ही देशांत मुलांसाठी हाच क्रमांक आहे, हे आम्हांस तेव्हा प्रथम समजले.

दुसऱ्या कमानीखालून गेल्यावर मुलींनी घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे तेवढेच धावते. पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी उभे राहून त्यांनी माच्छापुच्छ्रेचे शिखर पाहिले. शनिवारी शाळा बंद आणि रविवारी भरलेल्या पाहून त्या चकित झाल्या. मैदानावर नेपाळी मुलींच्या तोंडी तोच 'खो' ऐकला, तेव्हा मात्र त्यांना परके वाटेना. ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्यात बांधले गेले, तो या डोंगरांत असा रुजला होता. उपान्त्य सामन्यात आम्ही हरलो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामने भारत आणि नेपाळ यांच्यातच रंगले आणि दोन्ही भारताने जिंकले. त्या वेळी पोखऱ्याच्या मुलींची आम्हांस फार आठवण झाली.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही आजींकडे गेलो. ती वीस मिनिटांची वाट या खेपेस चाललो. घडले ते सांगितले, क्षमा मागितली. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, पोर तुमच्याकडे सांभाळायला दिली होती. देऊन टाकली नव्हती."

आम्ही मान खाली घातली. आजींनी चहा ठेवला.

आता सहल शेजारच्या तालुक्यात जाणारी असली, तरी संमतिपत्रे आम्ही मुलांच्या हाती देत नाही. संध्याकाळी घरोघर जातो, ओट्यावर बसतो आणि सही होईपर्यंत थांबतो. कोठे अंगठा असतो, कोठे थरथरते अक्षर. उशीर होतो खरा. पण मूल कोणाचे आहे, हे त्या उशिरातच नीट कळते.