तो कोड, ते कोड

मराठीत ‘तो कोड’ मी पगारासाठी दिवसभर लिहिते. ‘ते कोड’ तीन वर्षांपासून माझ्या बोटांच्या टोकांवर आणि ओठांच्या कडेला आहे.

घरात पहिला प्रश्न आला, “कशामुळे?” आजीला दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याचा संशय. मावशीचा सल्ला, “स्थळासाठी फोटो काढशील तेव्हा हात मागे ठेव.” आई गप्प. गरोदरपणात आपल्याच हातून काहीतरी चुकलं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

म्हणून मी वाचायला बसले. टी-पेशी ही रोगप्रतिकारशक्तीची शिपाई. तिच्या अंगावर रिसेप्टर असतो. तो जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून बनतो. म्हणूनच कधीही न भेटलेला विषाणू कुठल्या तरी टी-पेशीला ओळखता येतो. पण याच सोडतीत काही रिसेप्टर आपल्याच रंगपेशींना ओळखणारे निघतात. थायमस ग्रंथी त्यातले बरेचसे बाद करते. काही निसटतात.

निसटलेली पेशी रंगपेशीवर हल्ला करते आणि इंटरफेरॉन गॅमा सोडते. शेजारच्या त्वचापेशींवर त्याचा रिसेप्टर असतो. त्याला इंटरफेरॉन चिकटला, की आत ‘जॅक’ नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि त्या पेशी सीएक्ससीएल१० हा रेणू सोडतात. टी-पेशींवरचा सीएक्ससीआर३ हा रिसेप्टर त्याचा माग काढतो. नव्या टी-पेशी येतात, पुन्हा इंटरफेरॉन सोडतात. थांबायची अट न लिहिलेला लूपच हा!

२०२२मध्ये अमेरिकेत कोडासाठी मंजूर झालेलं रुक्सोलिटिनिब क्रीम या लूपमधलं ‘जॅक’ अडवतं. चेहऱ्यावर रंग बऱ्यापैकी परततो. बोटांच्या टोकांवर मात्र अवघड, कारण नव्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून येतात आणि तिथे केसच नसतात. शिवाय काही टी-पेशी त्वचेत स्मृती जपून बसतात. उपचार थांबले, की डाग अनेकदा जुन्याच जागी परततात.

म्हणजे माझी बोटं कदाचित अशीच राहतील. हे कळल्यावर मी एक रात्र रडले.

पण आईला मी ही सगळी साखळी कागदावर काढून दाखवली. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण दूध-मासे त्यात कुठेच नाहीत. स्पर्शानं पसरण्याचा तर प्रश्नच नाही. तिनं कागद बराच वेळ पाहिला. “मग मी काय करायला हवं होतं?”

“काहीच नाही, आई.”

परवा एका स्थळाचा फोन आला. आईनं पहिल्याच मिनिटाला सांगितलं, “मुलीला कोड आहे. ते लागत नाही. पुढे बोलायचं का?”